बुचावरच्या पाच रेषा

ग्रासिंदाला साहेबांनी खुर्ची दिली तेव्हापासून अदेरितुच्या पोटात दुखायला लागलं, असं त्याची बायको म्हणायची. ते तितकंसं खरं नव्हतं. दुखणं आधीपासूनच होतं. त्या दिवशी ते फक्त चेहऱ्यावर आलं.

झालं होतं इतकंच. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे इंजिनिअर साहेब म्हणत, ते बाटल्यांच्या बुचांचा एक ट्रे पुढ्यात घेऊन बसले होते. समोर चौघं उभे होते. त्यांतल्या एकटीलाच ते म्हणाले, "बस ना, ग्रासिंदा. तुला काय वाटतं?" उरलेल्या तिघांत अदेरितु होता. कारखान्यात त्याला चाळीस वर्षं होत आली होती. साहेबांच्या खोलीत तो शेकडो वेळा गेला असेल, पण ती खुर्ची मऊ आहे की कडक, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

अदेरितु चौदाव्या वर्षी इथे लागला. पोर्तु शहराच्या खालच्या अंगाला जी गावं आहेत, तिथे घरटी एक माणूस बुचांच्या कारखान्यात असतोच. त्याचे वडील बुचं जिच्यातून कापतात त्या ओकच्या सालीच्या फळ्या उकळायचे. तोही आधी उकळायच्या टाकीवर होता, मग फळ्या कापायला, मग थप्प्या लावायला. हळूहळू एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली, की या मुलाला साल कळते. कशी कळते ते त्यालाही सांगता येत नसे. तो सालीवर अंगठा दाबायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ही चांगली." किंवा म्हणायचा, "ही राहू द्या." आणि ते बरोबर निघायचं.

मग दर उन्हाळ्यात साहेब त्याला दक्षिणेला, आलेंतेजुच्या जंगलांत झाडं निवडायला पाठवू लागले. बुचाच्या ओकची साल कायद्यानं नऊ वर्षांनी एकदाच सोलायची असते. सोलली की उघड्या खोडावर पांढऱ्या रंगानं त्या वर्षाचा शेवटचा आकडा घालतात. दोन हजार सहाला सोललेल्या झाडावर सहा, दोन हजार आठला सोललेल्यावर आठ. नवी साल तो आकडा पाठीवर घेऊनच वाढते, आणि पुढे येणारा माणूस आकडा वाचून, वर्षं मोजून कुऱ्हाड लावतो. दुसऱ्या कारखान्यांची माणसं झाड घेण्याआधी सालीत हाताएवढी खिडकी पाडून तुकडा काढून बघत. अदेरितु आकडा वाचायचा आणि अंगठा दाबायचा. बस्स. त्याच्या अंगठ्याबद्दल दोन-तीन गावांत बोललं जायचं, आणि ते त्याच्या कानावर येईल अशा बेतानंच बोललं जायचं.

एवढं सगळं असताना त्यानं ग्रासिंदाचा हेवा करायचं खरं तर काही कारण नव्हतं.

ग्रासिंदा सोळा वर्षांपूर्वी आली. नवरा फ्रान्सला बांधकामावर गेला आणि तिकडेच दुसऱ्या घरात रमला. दोन मुली पदरात. तिला निवडीच्या टेबलावर बसवलं होतं. तिथे बायका दिवसभर पट्ट्यावरून सरकणारी बुचं बघतात आणि चांगली, मध्यम, टाकाऊ अशी वेगळी करतात. जेमतेम वर्ष झालं असेल. टेबलावरून चांगली म्हणून पुढे गेलेली बुचं परत यायला लागली. त्यांच्यावर पिवळा डाग असायचा. तो डाग म्हणजे सालीला लागलेला रोग, वाइनची चव बिघडवतो. कारखान्याचे मेस्त्री कुश्तोदियु म्हातारे आणि तोंडाचे फटकळ. ते बायकांवर ओरडले, चष्मे बदला म्हणाले, गप्पा कमी करा म्हणाले. ग्रासिंदानं फक्त एकच विचारलं.

"हे कधीपासून होतंय?"

उन्हाळ्यापासून. उन्हाळ्यात काय नवीन झालं? काही नाही. शेजारच्या शेडची भिंत रंगवली, तेवढंच. कुठला रंग? पिवळा. ग्रासिंदा दोन दिवस टेबलावर घड्याळ ठेवून बसली. दुपारी चारनंतर ऊन त्या भिंतीवर पडायचं, तिथून परतून खिडकीतून आत यायचं, आणि त्या पिवळ्या उजेडात पिवळा डाग दिसायचाच नाही. खिडकीला पडदा लावला. बुचं परत यायची थांबली.

"पडदा तर मीही लावला असता," अदेरितु त्या दिवशी कॉफीच्या टपरीवर म्हणाला. "मला कुणी विचारलंच नाही."

त्याला खरं झोंबलं होतं ते वेगळंच. ती भिंत रंगवताना शिडी त्यानंच धरली होती.

पुढे हे वाढतच गेलं. उकळायच्या टाकीतल्या पाण्याचा प्रश्न तिनं सोडवला, मग पट्ट्याचा, मग पावसाळी दिवसांत ओल धरणाऱ्या पोत्यांचा. दर वेळी तेच. ही बाई कुणाला दोष द्यायची नाही, यंत्राला लाथ मारायची नाही. ज्याला त्याला विचारत फिरायची, कधीपासून, कधीपासून. एकच गोष्ट तिघांना विचारायची आणि तिघांची उत्तरं एका छोट्या वहीत लिहून ठेवायची. अदेरितुनं तिचं नाव 'कधीपासून बाई' ठेवलं. नाव चाललं, पण बायका ते कौतुकानं घ्यायला लागल्या, त्यामुळे त्यातली त्याची मजा गेली. ग्रासिंदा टेबलावरून टेबलाची प्रमुख झाली, आणि चार वर्षांपूर्वी मेस्त्रींची मदतनीस.

दर पायरीला अदेरितु बायकोला समजावून सांगायचा, की यात कौशल्य असं काही नाही.

"पुन्हा तीच का?" इदालिना सूप वाढताना म्हणायची. "अरे माणसा, तुझं लग्न माझ्याशी झालंय. निदान जेवताना तरी तिला दाराबाहेर उभी कर."

"मी तिचं नावसुद्धा घेतलं नाही."

"नाव नाही घेतलंस. पाव कसा तोडतोयस बघ. तो काय तिचा गळा आहे?"

त्या वर्षी कुश्तोदियु मेस्त्री निवृत्त होणार होते. नोव्हेंबरात साव मार्तिन्युच्या दिवशी कारखान्याच्या अंगणात चेस्टनट भाजतात, नवी वाइन फोडतात. त्याच दिवशी साहेब नव्या मेस्त्रीचं नाव सांगणार होते. म्हाताऱ्यानं अदेरितुला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरा, साहेबांच्या मनात दोघंच आहेत. तू आणि ती. माझं मत विचारलं तर मी तुझं नाव घेईन. पण माझं मत विचारतील असं काही मला दिसत नाही."

अदेरितुचे वडील टाकीवरच म्हातारे झाले आणि टाकीवरच गेले. मेस्त्री हा शब्द घरात कुणाच्या नावामागे लागला नव्हता. तो लागावा, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती काही अवाजवी नव्हती. ती फक्त ग्रासिंदाच्या वाटेत उभी होती, की ग्रासिंदा तिच्या वाटेत, एवढाच प्रश्न होता.

आणि अशातच ऑक्टोबरमध्ये ती तक्रार आली. दोउरु खोऱ्यातल्या एका वाइनवाल्यानं ट्रे भरून बुचं परत पाठवली. बाटल्या आडव्या ठेवल्या की कडेनं वाइन झिरपते. साहेबांनी चौघांना बोलावलं. मेस्त्री, अदेरितु, ग्रासिंदा, आणि फळ्यांतून बुचं काढणाऱ्या यंत्रावरचा वाल्देमार. तेव्हाच ती खुर्ची दिली गेली.

"यंत्राची नळी बोथट झालीय," अदेरितु उभ्या उभ्या म्हणाला. "बूच नीट गोल निघत नाही."

"माझी नळी बोथट?" वाल्देमार म्हणाला. "तुझा अंगठा धार लावून आण आधी."

साहेब हसले नाहीत. त्यांनी ग्रासिंदाकडे बघितलं. अदेरितुनं छताकडे बघितलं, कारण आता काय येणार हे त्याला माहीत होतं.

"कधीपासून होतंय, ते बघायला लागेल," ग्रासिंदा म्हणाली.

दोन दिवस ती वही घेऊन फिरली. वाल्देमारच्या यंत्राकडे गेली, पोत्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, वाइनवाल्याला फोन केला. शुक्रवारी दुपारी अदेरितु जेवणाच्या शेडमध्ये मक्याचा पाव आणि सार्डिन खात होता, तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"सेन्योर अदेरितु, थोडं विचारू का?"

"कधीपासून, तेच ना?"

"नाही. ते कळलंय. जेवढी बुचं झिरपली ती सगळी एकोणीस नंबरच्या थप्पीतली आहेत. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही घेतलेली ती ओढ्याकाठची झाडं." तिनं खिशातून दोन बुचं काढून टेबलावर उभी केली. "डोक्यावर बघा. या चांगल्या बुचावर रेषा आहेत सात. या झिरपणाऱ्यावर पाच. मी तीसेक बुचं बघितली. सगळ्यांच्या पाचच."

अदेरितुनं बूच उचललं, बघितलं आणि खाली ठेवलं.

"ग्रासिंदा, तू टेबलावर बसून बुचं बघितलीस. झाडं नाही बघितलीस. पाण्याजवळचं झाड भरभर वाढतं. थर जाड होतात, मग बुचावर रेषा कमी दिसतात. लहान पोरालाही ठाऊक आहे हे."

"हो का?"

"हो. त्यात गुन्हा नाही काही. साल मऊ असते इतकंच. तासभर जास्त उकळली असती तर झिरपली नसती. टाकीवाल्यांना जाऊन विचार."

"असेलही," ती म्हणाली. बुचं खिशात ठेवली, उठली, आणि जाता जाता थांबली. "बुचात मधलेच थर येतात, पण फळीच्या कडेला सगळे दिसतात ना? आतल्या पोटापासून बाहेरच्या पाठीपर्यंत? तिथे मोजलं तर वय कळेल सालीचं?"

"कळेल."

"बघते कधीतरी."

तो हसला. समोर वाल्देमार बसला होता, तोही हसला. पण सार्डिनची चव नंतर अदेरितुला लागली नाही.

शनिवार-रविवार त्यानं अंगणातला लिंबू छाटला, गरजेपेक्षा जास्तच छाटला. मंगळवारी सकाळी सातला, कारखान्याचा भोंगा व्हायच्या तासभर आधी, तो मागच्या आवारात गेला. एकोणीस नंबरच्या थप्पीतला अर्धाअधिक माल अजून उकळायचा राहिला होता. फळ्या दवानं ओल्या होत्या. त्यानं एक ओढली, सुरीनं कड साफ केली आणि अंगठा लावून थर मोजले. दोन्ही टोकांचे अर्धे थर मिळून एक धरायचा असतो. तसे धरून सात झाले. नऊ हवे होते.

त्यानं पुन्हा मोजले. सात.

दुसरी फळी काढली. नऊ. त्याचा श्वास मोकळा झाला. तिसरी काढली. सात. चौथी सात. पाचवी नऊ.

मग तो आकडा शोधायला लागला. एका झाडावर एकच आकडा असतो, त्यामुळे बहुतेक फळ्या कोऱ्याच असतात. अर्धा तास उपसाउपशी केल्यावर त्याला एक सापडली. सात थरांची, आणि पाठीवर पांढरा सहा. अगदी बरोबर, सहाच. सहाच्या डोक्यावर वाळलेलं शेवाळ होतं. त्यानं नखानं शेवाळ खरवडलं. खालून पांढरा रंग निघाला. तो वळत वळत वर गेला आणि परत खाली येऊन मिळाला.

आठ होता.

दोन हजार आठला सोललेलं झाड दोन हजार सतरापर्यंत राहायला हवं होतं. त्यानं ते पंधरालाच, साल कच्ची असताना, सोलायला लावलं होतं.

तो दिवस त्याला आता लख्ख आठवला. ओढ्याकाठची चाळीसेक झाडं. जमिनीचा मालक त्या वर्षीच वारला होता, त्याचा पुतण्या शहरी बूट घालून आला होता आणि सारखं म्हणत होता, तुम्हीच सांगा, मला यातलं काही कळत नाही. ओल असल्यामुळे झाडांवर शेवाळ होतं. ओल असल्यामुळेच साल भरभर वाढली होती, म्हणून अंगठ्याला ती नऊ वर्षांची लागली. आकडा सहा, जाडी बरोबर. कुऱ्हाडवाल्यांचा म्हातारा मुकादम म्हणाला होता, "इथे एकदोन खिडक्या पाडून बघू या का, सेन्योर?"

"का?" अदेरितु म्हणाला होता. "माझा अंगठा खिडकीपेक्षा लहान आहे का?"

सगळे हसले होते. हा विनोद त्यानं परत आल्यावर टपरीवर निदान दहा वेळा सांगितला होता.

पहिलं काम त्यानं हे केलं, की ती फळी थप्पीच्या तळाशी, अगदी मागे सारली. मग हात पुसले. मग त्याच्या लक्षात आलं, की चाळीस झाडं म्हणजे चाळीस आकडे. एक लपवून काय होणार होतं? ग्रासिंदा कधीतरी बघते म्हणाली होती, आणि तिचं कधीतरी म्हणजे दोन दिवस. ती येईल, कड साफ करील, मोजील, आकडा शोधील, शेवाळ खरवडील. तिथून साहेबांच्या खोलीपर्यंत चाळीस पावलं.

त्याला डोळ्यांसमोर दिसलं. ती फळी घेऊन आत जाते. साहेब म्हणतात, बस. ती बसते.

त्या रात्रीच्या जेवणात इदालिनानं खारा मासा आणि बटाटे केले होते. अदेरितुनं सगळं तिला सांगितलं, शेवाळासकट.

"मग सांगून टाक साहेबांना आणि मोकळा हो," ती म्हणाली. "काय होईल?"

"मेस्त्रीपद जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तरीही जाईल. ती शोधणारच."

"मग दोन्हीकडून गेलंच ना. कसला विचार करतोयस एवढा?"

"ती शोधेल," अदेरितु पुन्हा म्हणाला.

इदालिनानं काटा खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. "देवा रे," ती हळूच म्हणाली. "तुला चूक झाली याचं वाईट वाटतच नाहीये. ती तिला सापडेल याचं वाटतंय."

चूक झाल्याचं वाईट त्याला वाटत होतं, वाटत नव्हतं असं नाही. ती वेळेआधी सोललेली झाडं त्याला डोळ्यांपुढे दिसत होती. पण चूक त्याची होती. चाळीस वर्षांत एकदाच झालेली, त्याच्या स्वतःच्या अंगठ्याची. ती शोधून काढायचा मान दुसऱ्या कुणी, तिनं, का घ्यावा? आयुष्यात प्रथमच एका प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं आणि तिच्याकडे नव्हतं. ते उत्तर म्हणजे तोच होता, ही गोष्ट निराळी.

बुधवारी सकाळी त्यानं थप्पीच्या तळातून ती फळी काढली, काखेत धरली आणि निवडीच्या हॉलमधून सरळ चालत गेला. मागच्या दारानं जाता आलं असतं. तो हॉलमधूनच गेला. बायकांनी माना वर केल्या.

साहेबांच्या खोलीत ग्रासिंदा होती, कसल्याशा कागदावर सही घेत. बरं झालं, असं त्याच्या मनात आलं.

"साहेब, बुचं का झिरपतात ते मला सापडलंय," तो म्हणाला, आणि 'मला' हा शब्द जरा मोठ्यानं म्हणाला. फळी टेबलावर ठेवली. शेवाळ दाखवलं, आकडा दाखवला, थर मोजून दाखवले. कुणी घेतली ही झाडं, तेही सांगितलं.

साहेबांनी आकड्यावरून बोट फिरवलं.

"खिडकी पाडली नव्हतीस?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"का?"

अदेरितुनं उजवा हात वर केला आणि अंगठा दाखवला. सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"बस," साहेब म्हणाले.

तो बसला. खुर्ची कडकच होती.

मग साहेबांनी एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. थप्पीतला उरलेला माल बाजूला काढायचा. वाइनवाल्याला दुसरी बुचं द्यायची. जंगल खात्याला आपणहून कळवायचं, जो दंड होईल तो भरायचा. आवाज त्यांचा थंड होता. शेवटी ते म्हणाले, "हे बाहेरून कळलं असतं, तर आपल्या बुचावर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता. तू स्वतः आलास. मी हे विसरणार नाही, अदेरितु. चूकही विसरणार नाही, आणि हेही." आणि त्यांनी हात पुढे केला.

हात मिळवताना अदेरितुनं हळूच ग्रासिंदाकडे बघितलं. तिचा चेहरा पडला असेल, निदान डोळ्यांत तरी काही दिसेल, असं त्याला वाटलं होतं. ती फळीवर वाकून बोटानं थर मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं मान हलवली, बरोबर आहे अशा अर्थानं, आणि आपले कागद उचलून गेली. तिच्या त्या शांतपणाचाच त्याला पुढे दोन दिवस राग येत राहिला.

पण नंतरचे दिवस वाईट गेले नाहीत. उलट लोक त्याच्याशी गोडच वागायला लागले. कुश्तोदियु मेस्त्रींनी पाठीवर थाप मारली. "छाती लागते याला, पोरा." वाल्देमार म्हणाला, "माझी नळी बोथट म्हणालास ते माफ केलं." निवडीच्या टेबलावरच्या एका बाईनं घरी केलेला केक आणून दिला. आपण प्रामाणिकपणानं गेलो नव्हतो हे अदेरितुला पक्कं माहीत होतं, आणि केक खाताना सुरुवातीला तो घशात अडकायचा. आठवड्याभरानं मात्र अडकेनासा झाला. कदाचित आपण प्रामाणिकपणानंच गेलो असू, असं वाटायला लागलं. आणि त्याच्या पाठोपाठ एक आशा आली, की चूक कबूल करणारा माणूस मेस्त्री व्हायला काय हरकत आहे? त्यानं साव मार्तिन्युसाठी नवा शर्ट इस्त्री करून घेतला. इदालिना इस्त्री करताना काही बोलली नाही, आणि तिनं न बोलणं हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

त्या दिवशी ऊन पडलं होतं. आवारात पाइनच्या वाळक्या काड्यांचा ढीग पेटवून त्यात चेस्टनट टाकले होते. ते फुटायचे आणि बायका मागे सरकायच्या. साहेबांनी पेला हातात घेऊन म्हाताऱ्या मेस्त्रींबद्दल चार शब्द सांगितले. मग नव्या मेस्त्रीचं नाव घेतलं.

ग्रासिंदा.

लोक टाळ्या वाजवायला लागले. अदेरितुनंही वाजवल्या. कोण किती जोरात वाजवतंय हे तो ऐकत होता, आणि वाल्देमार फार जोरात वाजवत होता. कारखाना स्त्रीला मेस्त्रीण म्हणणार की मेस्त्री, यावर तेवढ्यात मागे दोघींचा वाद सुरू झाला होता. साहेब पुढे म्हणाले, की अदेरितु जंगलातलं काम पूर्वीसारखंच बघेल, पण आता एकटा जाणार नाही, आणि खिडकी पाडल्याशिवाय एकही झाड घेतलं जाणार नाही. त्यावरही टाळ्या पडल्या. त्या कशासाठी होत्या ते त्याला कळलं नाही.

थोड्या वेळानं तो विस्तवापाशी एकटा उभा असताना ग्रासिंदा कागदाच्या पुड्यात चेस्टनट घेऊन आली. तिच्या हाताला राख लागली होती.

"मे महिन्यात मला तुमच्याबरोबर यायचंय जंगलात," ती म्हणाली. "खिडक्या पाडायच्या तर दिवसाला किती झाडं होतील?"

"तीसेक होतील." तो जरा थांबला. त्याला एक गोष्ट विचारायची होती. गेला महिनाभर ती त्याच्या जिभेवर होती, आणि आज, सगळं गेल्यावर, निदान तेवढं तरी पदरात पडावं असं त्याला वाटत होतं. "मला एक सांग, ग्रासिंदा. मी त्या बुधवारी आलो नसतो, तर तुला आणखी किती दिवस लागले असते?"

तिनं पुड्यातला एक चेस्टनट उलटासुलटा केला.

"खरं सांगू?"

"खरंच सांग."

"सोमवारीच कळलं होतं मला. संध्याकाळी सगळे गेल्यावर फळ्या मोजल्या. आकडेही सापडले तीन."

अदेरितु विस्तवाकडे बघत राहिला.

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर साहेबांनी तुम्हाला काढलंच असतं. तुम्ही स्वतः सांगितलंत तर नाही काढणार, असं वाटलं. आणि तुम्ही गेलात तर झाडं कोण बघणार? मला एका ओकमधला आणि दुसऱ्यातला फरक कळत नाही." तिनं खांदे उडवले. "शुक्रवारपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. त्यानंतर मात्र सांगितलं असतं. ते काही पोटात ठेवण्यासारखं नव्हतं."

म्हणजे ते उत्तरही आधी तिचंच होतं. त्या बुधवारी हॉलमधून तो फळी काखेत धरून चालला होता, तेव्हा ती दोन दिवस आधीच तिथे पोचून त्याची वाट बघत उभी होती. त्याला वाटलं, हिनं खोटं बोलायला हवं होतं. दहा दिवस लागले असते म्हणायला हिचं काय जात होतं?

"मी नसतो थांबलो," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा कोरडा निघाला. "चूक तुझी असती आणि मला सापडली असती, तर मी त्याच संध्याकाळी साहेबांच्या घरी गेलो असतो. धावत."

"माहीत आहे मला," ग्रासिंदा म्हणाली. त्यात राग नव्हता. तिनं पुडा पुढे केला. "घ्या. गार होतायत."

त्यानं एक चेस्टनट उचलला. तो मुळीच गार झाला नव्हता. बोटं चांगलीच भाजली, पण ती तिथून हलेपर्यंत त्यानं तो हातातून टाकला नाही.